ग्योतोकुच्या रद्दीतली वही

सुहास देवधरने मला फसवले. माझी वही 'आठ दिवसांत परत देतो, काका' म्हणून नेली आणि दोन वर्षांनी जपानमधल्या मराठी मंडळात स्वतःची म्हणून वाचून दाखवली. ते भाषण मी सांगलीत बसून मोबाइलवर पाहिले. 'हे शब्द मी स्वतः गोळा केलेत,' असे तो हसून म्हणाला. दुसऱ्याच दिवशी मी तिकीट काढले. एजंटशी तासभर घासाघीस केली, तेवढ्यानेही राग उतरला नाही.

आधी वहीबद्दल सांगतो. मी पंपांचे व्हॉल्व्ह विकतो. सायकलवरून सुरुवात केली आणि पुढे पोलंड, चेक, सर्बिया, बल्गेरिया असा अठरा वर्षे फिरलो. इंग्रजी कच्चे, म्हणून भाव करण्यापुरते तिथलेच शब्द शिकलो. एका पानावर एक शब्द, देशागणिक एक रकाना. पाणी सगळीकडे 'वोदा', पूल सगळीकडे 'मोस्त'. पाव पोलंडात 'ख्लेब', बल्गेरियात 'ह्ल्याब'. सर्बियात मधाला 'मेद' म्हणतात हे कळले तेव्हा आपला 'मध' आणि सांगली आठवली. शेवटची पाने गावांची: सर्बियात बेओग्राद, रशियात बेल्गोरोद, पोलंडात ब्यावोगार्द. तिन्हींचा अर्थ एकच, पांढरे नगर. चेकमध्ये 'चेर्स्त्वी' पाव म्हणजे ताजा. सीमा ओलांडून पोलंडात तोच शब्द वापरला, तर बेकरीवालीने पोट धरून हसत मला शिळा पाव दाखवला.

या वहीत शब्द मी लिहिलेले नाहीत. ज्याने सांगितला त्याच्याच हाताने, त्याच्याच लिपीत लिहून घेतला. खाली त्याचे नाव. बल्गेरियातल्या प्लोवदिवची मिलेना, पोलंडातल्या एका गोदामाचा रखवालदार स्तानिस्वाव, अशी तीस माणसे. रखवालदार आता हयात नाही.

नारिता विमानतळावर उतरल्यापासून डोक्यात एकच प्रश्न होता. वही सुहासने ठेवली तरी असेल का? गाडीतल्या नकाशावर 'इचिकावा' वाचले. 'कावा' म्हणजे नदी, असे शेजारच्या प्रवाशाने खुणेने सांगितले. पोलंडात कावा म्हणजे कॉफी. आपल्याकडे काय, ते सांगायला नको. डब्यात इतकी शांतता होती की सुहाससाठी पाठ केलेली वाक्ये मी ओठांतच घोळवत बसलो.

ग्योतोकु स्टेशनवर तो ऑफिसच्या कपड्यांत उभा होता. मित्राचा मुलगा, लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेला. पाया पडला.

"काका, किती बारीक झालात."

"वही."

"आहे हो घरात. आधी काही खाऊन घ्या."

कोपऱ्यावरच्या कोंबिनीत (दिवसरात्र उघडे असणारे दुकान) ओनिगिरी (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा) घेतले. तीन घेतो, काही कमी करा, असे मी बोटांनी सांगितले. काउंटरवरच्या मुलीने इतक्या वेळा वाकून माफी मागितली की मीच ओशाळलो. सुहास दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

घरी त्याची बायको ऋचा हिने पिठलं-भात केला होता. "काका, तुमच्यासाठी आतली खोली अगदी रिकामी करून ठेवलीय," ती म्हणाली. खोली खरोखरच रिकामी होती. शेल्फवर एक कागद नव्हता. मला ते आवडले नाही.

सकाळी चहा गाळताना तिला विचारले, "हिरव्या रेक्झिनची जाड वही पाहिलीस कुठे?"

गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. "ती... रद्दीत बांधली, काका. खोली आवरताना. सुहास म्हणाला, आता लागणार नाही. आज कागदांचा वार, म्हणून सकाळीच बाहेर ठेवली."

इथे कचऱ्याला वार असतात. रद्दी दोरीने चौकोनी बांधून नेमून दिलेल्या कोपऱ्यावर ठेवायची, साडेआठच्या आत. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

"काका, स्कॅन आहे ना," सुहास आतून म्हणाला. "शब्द सगळे घेतलेत मी."

"आणि नावं?"

"नावांचं काय करायचं होतं?"

मी धावलो. जिन्यावर पाय सटकत होते. पायांत संडासातल्या चपला आहेत हे रस्त्यावर आल्यावर समजले. मागून ऋचा धावत आली.

कोपरा झाडून स्वच्छ झाला होता. त्या आठवड्याची देखरेख ज्यांच्याकडे होती त्या शेजारीणबाई इनोउए-सान झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे, भिंतीशी, एकच गठ्ठा उरला होता. त्यावर पिवळी चिठ्ठी. दोरीखालून हिरवे रेक्झिन दिसत होते.

मी तिथेच फुटपाथवर बसलो. दोरी सुटेना, ती ओढून बाजूला सरकवली आणि पाने उलटली. मिलेनाचे पान होते. रखवालदाराचे होते.

"काय लिहिलंय चिठ्ठीवर?" मी विचारले.

ऋचाने खालमानेने वाचले. "प्लास्टिकचं कव्हर आणि लोखंडी तार आहे. कागदात चालत नाही. म्हणून नेला नाही. क्षमस्व."

इनोउए-सान तिला हळू आवाजात बरेच काही बोलल्या. मग माझ्या पायांकडे पाहिले आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. मीही वाकलो.

उरलेले चार दिवस सुहास मला नदीकाठी, देवळांत, बाजारात फिरवत राहिला. नदी रुंद होती, देवळे सुंदर होती. त्याने एकदाच विषय काढला. "काका, वही मिळाली ना? घरातल्या घरात मिटवून टाकू."

मी आयुष्यभर मिटवामिटवीवरच धंदा केला. ही वही माझ्या एकट्याची असती तर हेही मिटवले असते.

परतीच्या विमानात वही मांडीवर होती, हातातून खाली ठेवली नाही. पिवळी चिठ्ठी मी पहिल्या पानावर चिकटवली आहे. त्या कचरागाडीवरच्या माणसांना मी कोण ते ठाऊक नव्हते. एक गठ्ठा मागे ठेवला, तर का ठेवला ते त्यांनी लिहून दिले, वर माफी मागितली. सुहास, तू तर माझ्या मांडीवर खेळलास. तीस जणांची नावे तू का गाळलीस? ज्या मंडळात भाषण केलेस तिथेच, त्याच लोकांसमोर उभा राहा आणि उत्तर दे.