खुर्च्यांवर बसलेला बँड

रंगा शाळेच्या व्हरांड्यात आला तेव्हा मी आठवीच्या वर्गाला शिकवत होतो. रंगा आमच्या बँडात ट्रॉम्बोन वाजवतो आणि पोटासाठी एस.टी.त कंडक्टर आहे. खांद्याला तिकिटांची पेटी तशीच होती. "मास्तर गेले सकाळी. गाडी उभी हाय, चल," एवढंच तो म्हणाला. सांगली ते आष्टा, भरलेल्या गाडीत, तो तिकिटं फाडत राहिला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो... काविळीनं ते आठ-दहा दिवस अंथरुणावर होते हे ठाऊक होतं, पण असं होईल हे मनात नव्हतं.

दौलतमास्तर आमच्याच वस्तीतले. फौजेच्या बँडात ट्रम्पेट वाजवून, बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन ते आष्ट्याला परतले. फौजेत असताना ऑफिसरांच्या मेसमध्ये एका गोवेकर हवालदारानं त्यांना अमेरिकेतल्या एका काळ्या बँडमास्तराच्या रेकॉर्डी ऐकवल्या होत्या. त्या बँडात पंधरा-वीस माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसत, प्रत्येकाचं वाजवणं वेगळं असे, आणि आपली पाळी आली की एकेकजण उठून मनानं वाजवी. तो बँडमास्तर वाद्यासाठी लिहीत नाही, माणसासाठी लिहितो, हे हवालदारानं सांगितलेलं मास्तरांच्या डोक्यात कायमचं बसलं होतं. आमच्याकडच्या लग्नात सगळे बँडवाले एकच चाल एकदम वाजवीत. मास्तरांनी ते मोडलं. रंगाचा दम मोठा, म्हणून त्याला लांब सूर दिले. एकाची बोटं जाड होती, त्याला सोपं पण ठसक्याचं काम दिलं. मी बुजरा होतो, क्लॅरिनेट चढ्या सुरात वाजवायला लाजायचो, तर माझी पाळी त्यांनी मुद्दाम खालच्या सुरांत बांधली. "तू हळू बोलतोस ना, मग हळूच बोल. पन बोल," असं म्हणाले. पुढं मुलाखतीत, वर्गात, सभेत मला बोलता आलं त्याचं मूळ तिथं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत मास्तर माझं क्लॅरिनेट काढून घेत आणि निकाल लागल्यावरच परत देत.

पण त्यांच्या वडिलांना, आबांना, यातलं काहीच पटत नव्हतं. धर्मांतराच्या वर्षी आबांनी घरातली हलगी फोडून चुलीत घातली होती. लोकांच्या दारात उभं राहून वाजवायचं, बोलावलं की जायचं, हाकललं की निघायचं, हे त्यांनी त्या दिवशी संपवलं होतं. आणि आता थोरला मुलगा पोरांचा ताफा जमवून पुन्हा लग्नात वाजवायला निघाला होता. "मी गळ्यातनं काढलं, ह्यानं परत घातलं," असं ते चारचौघांत म्हणत. रविवारी त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत आमची तालीम सुरू झाली की ते म्हैस घेऊन ओढ्याकडं जात. त्या म्हशीला आमच्यामुळं दर रविवारी सहल घडते, असं रंगा म्हणायचा. मास्तर हसत, पण त्यांना लागत होतं. आपल्या बापानं एकदा समोर बसून ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मी एकदा म्हटलं, आपण आबांना बोलावू या. ते म्हणाले, "बोलावलं तर मान ठेवायला येतील. ऐकनार न्हाईत."

कराडजवळ मलकापूरला एका बागायतदाराच्या घरचं लग्न होतं. सुपारी घेताना मास्तरांनी एकच अट घातली होती, बँडाला मांडवात खुर्च्या. गेलो तर खुर्च्या नव्हत्या. वरबाप म्हणाले, बँडवाले काय पाव्हणे हायत व्हय? मास्तरांनी आवाज चढवला नाही. "तुमी ऐकनार, आमी वाजवनार. दोघंबी बसूनच बरं," एवढं बोलून त्यांनी आम्हाला वाद्यं पेटीत ठेवायला सांगितली. आम्ही पेट्यांची झाकणं लावू लागलो. शेवटी नवऱ्याचे मामा, फौजेतले सुभेदार, हसत उठले आणि आपलीच खुर्ची उचलून आमच्याकडं घेऊन आले. मग एकेक करत सगळ्या खुर्च्या आल्या. त्या दिवशी आम्ही जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नसेल...

ही गोष्ट आष्ट्यात आमच्याआधी पोहोचली. पुढच्या रविवारी म्हैस दावणीलाच होती. आबा अंगणात, आमच्याकडं पाठ करून, दोर वळत बसले होते. त्यानंतरची सगळी वर्षं तसंच. दार उघडं असायचं, पण उंबरा त्यांनी ओलांडला नाही आणि मास्तरांनी हाक मारली नाही. मास्तर गेले तेव्हाही ते तसंच होतं.

सगळे विधी उरकल्यावर पहिल्या रविवारी आम्ही जमलो. बँड चालवायचा की मोडायचा, ते कुणी बोलत नव्हतं. शेवटी नेहमीची चाल धरली. मधे मास्तरांच्या ट्रम्पेटची पाळी होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण तिथं आल्यावर आम्ही सगळ्यांनीच तेवढा भाग सोडला आणि पुढचं धरलं. तेवढ्यात आबा दारात उभे राहिले. हातात अर्धा वळलेला दोर होता.

"मधलं गाळलं का रं?"

रंगा म्हणाला, "आबा, ते मास्तरांचं होतं."

"म्हाईत हाय मला. इतकी वर्सं काय कान बंद करून बसलो हुतो?" आबा आत आले. भिंतीकडची खुर्ची त्यांनी ओढली, आमच्याकडं तोंड करून ठेवली आणि बसले. "कुनीतरी वाजवा. त्याचं तसंच आलं पायजे असं न्हाई."

पुन्हा सुरुवात केली. ती पाळी आली तेव्हा मी उठलो. ट्रम्पेटसाठी, एका वेगळ्या माणसासाठी लिहिलेलं ते माझ्या क्लॅरिनेटवर नीट बसत नव्हतं. मी ते खाली आणलं, माझ्या सुरांत, मला जमेल तसं. आबा बघत होते. संपल्यावर रंगानं पुढची चाल धरली, तरी ते उठले नाहीत.

परवाच्या रविवारी सांगलीहून पोहोचायला मला उशीर झाला. बाकीचेही रेंगाळत आले. खोलीत गेलो तर आबांनी सगळ्या खुर्च्या पुसून अर्धगोलात मांडल्या होत्या आणि ते समोर बसले होते.

"लय उशीर केलासा," ते म्हणाले.