उघड्यावर घडलेली खोवणी

अक्षय तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी शरदकाकांना ऐंशी हजारांचा चेक दिला. जागा काचीगुडा स्टेशनामागची त्यांची पत्र्याची शेड. हजर तिघे: काका, मी आणि माझी बायको मंदा. मी पावतीचा कागद पुढे करेपर्यंत काकांनी बाकावरच्या मोडक्या खोवणीचा मोबाइलवर फोटो काढला आणि हैदराबादेतल्या मराठी घरांच्या ऑनलाइन गटावर टाकलासुद्धा. खाली लिहिलं, "आजचा नमुना. पाचव्या मिनिटाला मान तुटली. कुणाला कारण सुचतं का?"

ज्या वस्तूत मी लेकीच्या कॉलेजची फी घातली, तिची पहिली जाहिरात ही.

काका आमचे शेजारी. त्यांचं घराणं जुन्या निजामी मुलखातलं, त्यामुळे मराठीत दखनी मिसळलेली. शेडमध्ये तीस वर्षं रॉकेलच्या स्टोव्हचे बर्नर बनले. मग घरोघरी गॅस सहज मिळू लागला, बेगम बाजारात बाहेरच्या देशांतला स्वस्त माल आला आणि बर्नर पोत्यात पडून राहिले. मुलं म्हणत, शेड विकून टाका. काकांनी त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. त्या वर्षात त्यांना ओट्यावर उभ्यानं नारळ खोवायची खोवणी करायची होती. बाजारातल्या खोवण्या ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळाव्या लागत, आणि ग्रॅनाइटच्या गोल कडेवर त्या सरकत.

प्रत्येक पायरी ते गटावर मांडत. पत्रा किती जाडीचा घेऊ, मूठ कशाची करू, सगळं लोकांना विचारत. मी धास्तावलो.

"काका, कुणीतरी उचलेल ना हे सगळं!"

"उचलू दे की, साहेब. त्याला माझ्या चुका पण उचलाव्या लागतील, हौ. फुकट थोडीच सुटतो?"

शेवटी दोन आकृत्या उरल्या. एक हलकी, चकचकीत, घडी होणारी. दुसरी जड, धोपट. काकांनी मतं मागवली. एकशे बारा आली. मी दोनदा मोजली. एक्याण्णव घडीच्या खोवणीला, त्यातलं एक माझं. सोमवारी डाय करणाऱ्याला पन्नास हजार आगाऊ द्यायचं ठरलं. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा; ती एकदा कापली की बदलता येत नाही. ती चुकली असती तर माझे पैसे गेले असते आणि काकांची शेडही.

आदल्या दिवशी, रविवारी, मंदा जमिनीवर बसून विळीवर नारळ खोवत होती. मी तिला निकाल मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं हात पुसले, माझा फोन मागितला आणि माझ्याच खात्यावरून लिहिलं, "मी मंदा. वरचं मत ह्यांचं आहे. ह्यांनी आजवर एकही नारळ खोवलेला नाही."

दहा मिनिटांत खाली उत्तर आलं, "मी सुनंदा. आमच्या ह्यांनीही नाही." मग तिसरं: "मी जामबागची कुसुम. आमच्याकडे नारळ कुठे ठेवलेत तेसुद्धा ह्यांना ठाऊक नाही." संध्याकाळपर्यंत बायकांनी नवऱ्यांचे आणि मुलांचे फोन काढून घेतले होते. मी यादी पुन्हा उघडली. एकशे बारांत सत्त्याण्णव नावं पुरुषांची. मतं दोनदा मोजली होती. नावं एकदाही वाचली नव्हती.

घाबरत काकांकडे गेलो. ते खो खो हसत होते.

"अकौंटंटसाहेब, बेरीज बरोबर है तुमची. माणसं चुकली, आणि चूक माझी. डाय नक्को."

त्यांनी तेच गटावर लिहिलं, एक शब्दही न झाकता. पुढे विनंती केली: मत नको, नारळ खोवतानाचा व्हिडिओ पाठवा, चेहरा नसला तरी चालेल.

चाळीसेक आले. काका शेडमध्ये ते थांबवून थांबवून पाहत. मीही पाहिले, मला नुसते हात दिसले. काकांना पोटं दिसली.

"बघा ना! खाली बसली की बाई विळीच्या पाटावर पाय दाबून धरते. उभी राहिली तर पाय काय कामाचा? पण ही बघा, ती बघा, सगळ्या ओट्याला रेलतात."

मग त्यांनी जड आकृतीच्या बैठकीला पुढून खाली उतरणारी पट्टी जोडली, रबर लावलेली. बाई ओट्याला रेलली की पट्टी कडेला दाबली जाते आणि खोवणी जागची हलत नाही. स्क्रूच नको. पहिला नमुना त्यांनी आमच्या ओट्यावर आणून ठेवला. मंदानं नारळाची एक वाटी खोवली. दुसरी वाटी घेतली. काकांनी डोळे मिटून श्वास सोडला. मीही सोडला असणार.

विक्री सुरू झाल्यावरही गट चालूच. रबराला वास येतो, अशी एकीनं तक्रार केली. काकांनी ती तक्रार सगळ्यात वर लावून ठेवली, रबर बदललं आणि जुने दीडशे नग परत घेतले. मी कुरकुरलो तर म्हणाले, "बोलतात तोवर ठीक है. चूप बसल्या की परेशान व्हायचं."

शेड विकावी लागली नाही. काकांना जाऊन आता तीन वर्षं झाली. धाकटा मुलगा तिथेच खोवण्या करतो.

मी चेक दिल्यापासून चौदाव्या महिन्यात काका आमच्या घरी आले होते. माझे ऐंशी हजार आणि नफ्याचे ठरलेले बावीस हजार त्यांनी चेकनं दिले. मी पावती लिहून दिली. मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. मी सवयीनं हात पुढे केला.

"तुम्हाला नक्को," काका म्हणाले. "मंदा बेटा, तुझी फी. पहिल्या दिवशी तू समोर उभी होतीस, आणि मी विचारलं गटावरच्या साहेबांना."

मंदानं पाकीट घेतलं, काकांना वाकून नमस्कार केला आणि ते कपाटात ठेवलं. त्यात किती होते ते मी तिला त्या रात्री विचारलं.

"तुमचं मत काय?" ती म्हणाली.

आकडा मला अजून माहीत नाही.