धोंडुबाईची कंबर

गडमुडशिंगीच्या धोंडुबाईला गावानं तोंडाळ म्हटलं, आगाऊ म्हटलं, आणि एकदा चारचौघांत निर्लज्जही म्हटलं. ते ऐकून ती खो खो हसली. लाज धरून ती मरणाच्या दारात जाऊन आली होती, हे त्या शहाण्यांना कुठं ठाऊक होतं?

शाहू महाराज गादीवर होते आणि खासबागेचं मैदान नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. लुगड्याची गाठ कमरेला करकचून आवळायची, ही धोंडुबाईच्या सासरची शिस्त. सासूला सारं घर आक्का म्हणे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आक्कांनी सुनेच्या कमरेला गुडघा लावून गाठ मारली होती. "गाठ ढिली तर बाई ढिली," एवढंच बोलल्या. पुढं वीस-पंचवीस वर्षं त्याच जागी, तीच गाठ. ती गाठ आवळूनच धोंडुबाईनं शेतातली भांगलण केली, पाणी वाहिलं. पोटात पोर असतानाही ती बोटभरच सैल व्हायची.

कातडी आधी काळी पडली, मग खरबरीत झाली, मग तिथं जखम झाली. भरायची आणि पुन्हा उघडायची. कुणी सांगितलं म्हणून धोंडुबाईनं बिब्बा तापवून लावला, तर ती जास्तच चिघळली. वास सुटला तेव्हा तिनं नवऱ्याला फर्मावलं, "गाडी जुपा. मला कोल्हापुरात दवाखान्यात न्ह्या."

सयाजी बिचारा बैल आणायला गेला. आक्का दारात आडव्या आल्या. "परक्या बाप्याला कंबर दावनार? त्यापरीस मेलीस तर बरं."

"मेल्यावर आंगुळ घालताना गाव बघनारच की! मग जित्ती हाय तवर डाक्टरनं बघितलं तर काय बिघाडलं?"

डॉक्टर जयपाल मगदूम तरुण होता, मुंबईला शिकून आलेला. जखमेच्या कडेचा एक तुकडा काढून त्याचा पातळ काप त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"सरका," धोंडुबाई म्हणाली. "कातडं माझं हाय. मी बघतो."

तिनं डोळा लावला. कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशा गोल गोल चकत्या आत दाटीवाटीनं बसल्या होत्या.

"कातडी घासली की ती नवी कातडी करून भरून काढते," डॉक्टर सांगू लागला. "रोज घासली तर रोज भरते. वर्षानुवर्षं असं करता करता एखादे दिवशी ती थांबायचंच विसरते. हा कर्करोग आहे, बाई. कापावं लागेल."

"आनि घासतं कशानं?"

"तुमच्या गाठीनं, असा माझा अंदाज आहे. पण एका बाईवरून ते सिद्ध होत नाही. आणखी बायका तपासायला हव्यात, आणि कंबर दाखवायला कोणी तयार नाही."

"तुमी कापा आदी. बायकांचं मी बघतो."

गुंगीचं औषध देऊन डॉक्टरानं कापलं. जखम भरल्यावर धोंडुबाई गावात परतली ती लुगडं सैल आणि गाठ जुन्या जागेच्या वर अशी नेसूनच. मग धुणं धुवायच्या जागी तिनं एकेकीला गाठायला सुरुवात केली. "कंबर दाव." निर्लज्ज म्हटलं गेलं ते तिथंच. एकीचा नवरा काठी घेऊन आला, तर ही पदर खोचून पुढं झाली. "बायकू पायजे का गाठ पायजे, त्ये सांग आदी!" त्यानं काठी खाली टाकली. हळूहळू बायका गाडीत बसायला लागल्या. बहुतेकींची कातडी नुसती काळी होती, एकीची मात्र वेळेत कापावी लागली. आपला अंदाज पक्का होतोय म्हणून डॉक्टर हरखला.

आक्का मात्र सुनेशी अक्षर बोलत नव्हत्या.

एका सकाळी त्या न्हाणीतून बाहेर आल्या, धोंडुबाईसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. जखम तळहाताएवढी होती.

"तुला गाठ आवळून बांदली, तवा माजी कंबर बी काळीच पडल्याली," आक्का म्हणाल्या. "मला वाटलं, बाईची अशीच असती."

धोंडुबाईला रडू आलं नाही. तिला संताप आला, सासूचा आला आणि एके काळी तिच्याही कमरेला गुडघा लावणाऱ्या तिच्या मेलेल्या सासूचाही आला. तिनं स्वतःच्या हातानं आक्कांना सैल लुगडं नेसवलं आणि सयाजीला हाक मारली.

गाडी पारापाशी आली. पारावर बाप्यांची बैठक भरलेली. "आक्का, कुठं निगालासा?" एकानं विचारलं.

धोंडुबाई तोंड उघडणार, तोच आक्कांनी तिचा हात दाबला आणि साऱ्या पाराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "कंबर दावाया! तुमच्या बी बायकास्नी धाडा!"