सुभेदाराला पाठ असलेलं कलम

सत्तरच्या दशकात मी सांगलीला कायदा शिकत होते, त्यातही देशादेशांतल्या लढाईचा कायदा माझ्या आवडीचा, आणि स्वतःला फार मोठी विदुषी समजत होते. सुट्टीत कुंडलला घरी आले, तर फौजेतून सुभेदार होऊन परतलेले माझे वडील, आबा, म्हणाले, "पोरीला लढाईचा कायदा कशाला? शिक्षण बास. आता लग्नाचं बघू."

मी कडक इस्त्रीची साडी नेसून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतलं स्वसंरक्षणाचं कलम इंग्रजीत घडाघडा म्हटलं. आबा घोरायला लागलेत, हे मला कलम संपल्यावर कळलं.

आईनं त्यांना हलवून जागं केलं आणि मला म्हणाली, "आगं, माणसागत बोल की."

मग मी विचारलं, "आबा, सरहद्दीवर तुमी आधी गोळी झाडायचा का?"

"न्हाई. समोरनं आली तरच. आन् लगीच वर कळवायचं. वरनं थांबा म्हटलं की थांबायचं."

"माझ्या पुस्तकात समद्या देशांना हेच सांगितलंय. कलम तुमाला पाठच हाय, परीक्षा तेवढी मी देते."

आबा मिशीत हसले. "लय वस्ताद झालीस. जा, दे परीक्षा."

लढाईच्या कायद्याच्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले. आबा मात्र गावभर सांगत फिरले, "तिला म्याच शिकवलं." मी फिरू दिलं. पदवी माझ्याच नावावर होती.