कमरेचा दोर

उत्तरेतल्या एका डोंगरी नदीवर आमच्या इंजिनियर कंपनीची पोस्टिंग होती. मी नायक हुद्द्यावर, गाव उंब्रज. माझा बडी, म्हणजे जोडीदार, हवालदार रफीक मुजावर, सांगलीकडचा. पहाटे फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, मग दिवसभर पुलांची कामं. चहाच्या वेळी मी रिटायर झाल्यावरचे बेत सांगायचो. साताऱ्यात प्लॉट, हायवेला ढाबा. रफीक म्हणायचा, "गड्या, आधी रजा तर मंजूर हुंदे."

जुलैत ढगफुटी झाली. पायपूल वाहून गेला, गावकरी पलीकडं अडकले. पहिला दोर पलीकडं न्यायची ऑर्डर मला मिळाली. कमरेला सेफ्टी रोप बांधून मी उतरलो. मधल्या धारेत एक ओंडका आला. रोप त्यात गुरफटला आणि मी खाली ओढला गेलो.

पाण्याखाली देव आठवला नाही, लेकरंही नाहीत. शेतातली मोटर चालू राहिलीय, बंद करायला पाहिजे, एवढंच मनात आलं. मग तेही गेलं.

पुढचं सुभेदार साहेबांनी सांगितलं. वायरलेस सेटवर मेसेज गेला, "एक जवान पाण्यात. ओव्हर." उत्तर यायच्या आत रफीक दोर बांधून उतरला होता. दोराला झटके बसले. साहेब ओरडले, "खींचो!"

दोर ओढला. त्याला मी होतो.

रफीकनं माझा अडकलेला रोप कापला होता आणि आपल्या कमरेचा सोडून मला बांधला होता.

माझा श्वास थांबला होता. नर्सिंग असिस्टंटनं छाती दाबून तो परत आणला. रफीक दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

रिटायर झालो, पण ढाबा काढला नाही. कृष्णेत गावातल्या पोरापोरींना पोहायला शिकवतो. पूर आला की सांगलीला बचावाच्या बोटीवर जातो. बायको विचारते, "आवं, तुमास्नी पाण्याचं भ्या न्हाई वाटत?" वाटतं. दर वेळी वाटतं. पण काठावर उभं राहून बघणं आता जमत नाही.

दरवर्षी रफीकच्या आईकडं जातो. चाची जेवायला घालते, उसाचं विचारते. त्या दिवसाबद्दल तिनं कधी काही विचारलं नव्हतं. यंदा ताट वाढताना म्हणाली, "पाणी लय गार हुतं का रं?"

"व्हय, चाची. बर्फाचं पाणी."



"त्याला उन्हाळ्यातबी अंघुळीला कढत पाणी लागायचं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भाकरी ठेवली.