पट्टा वाढणार आहे

आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवायची, पण तोंडी शब्द सारे मोडण्या-तुटण्याचे. कारखान्यातलं कुठलं यंत्र किती टिकेल, कुठला भाग आधी दगा देईल, हे आकडेमोड करून अगोदर सांगायचं, हा आमचा धंदा. आणि ऑफिस कुठे, तर पारनेर रस्त्याला, जुन्या सरदार घराण्याच्या दगडी हवेलीत. कंपनी अजूनही तिथेच आहे. भिंती इतक्या जाड की मोबाईलला रेंज हवी असेल तर खिडकीत चढून बसावं लागे. ती खिडकी माझी, कारण गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं. गळ्यात ओळखपत्र घालून मी काय मिरवायचे! घरी भाकरी थापतानाही ते काढत नसे. आज नात तो फोटो बघून हसते. मीही हसते, तिच्यापेक्षा मोठ्यानं.

हवेलीच्या मालकीणबाई मागच्या बाजूला राहायच्या. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. एकदा पूजा अर्धी टाकून त्या तडक आमच्यात येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो, रोज उठून माझ्या घरात हे तुटणार, ते फुटणार? घर ऐकत असतं. दुसरे शब्द नसतील तर दुसरी जागा बघा."

आमचे साहेब हात जोडून उभे राहिले. बाईसाहेबांना, म्हणजे मला, लगेच सुचलं.

"आईसाहेब, बांगडी फुटली असं आपण म्हणतो का? वाढली म्हणतो. नारळसुद्धा वाढवतो. मग यंत्रंही वाढवू की!"

आईसाहेब खूश. त्या दिवसापासून हवेलीत पंप वाढू लागले, गिअर वाढू लागले. मी तर आठवडाभर जमिनीवर नव्हते.

त्याच सुमारास राहुरीकडचा एक साखर कारखाना आमचं पहिलं गिऱ्हाईक झाला होता. हंगामभर सॉफ्टवेअर वापरून बघू, खरं निघालं तर ठेवू, असं बोलणं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हे गेलं असतं तर हवेलीला कुलूप, आणि माझं ओळखपत्र खुंटीला.

ऐन गाळपात सॉफ्टवेअरनं सांगितलं, उसाची चिपाडं जळणाला बॉयलरकडे नेणारा रबरी पट्टा लवकरच तुटेल. मी खिडकीत चढले आणि तिथल्या फिटरला फोन लावला. "भाऊ, चिपाडाचा पट्टा वाढणार आहे हं. बघून घ्या."

"बरं ताई," म्हणाला आणि ठेवला.

चार-दोन दिवसांनी साहेबांनी विचारलं, "पट्ट्याचं नीट सांगितलंत ना?"

"सांगितलं की. वाढणार आहे म्हणून."

साहेबांनी चहा तसाच खाली ठेवला. "अहो, कारखान्यात पट्टा वाढला म्हणजे ताणून लांब झाला! तुटला नव्हे!"

फोन लागेना. आम्ही तडक जीपनं निघालो. मला डोळ्यांसमोर थंड पडलेला बॉयलर आणि गेटपासून रस्त्यापर्यंत तटलेल्या उसाच्या गाड्या दिसत होत्या. राहुरी मागे पडली तशी मी काचेला नाक लावून बसले. आधी झाडं, मग पाण्याची टाकी, मग चिमणी. चिमणीतून धूर निघत होता! इतका गोड धूर मी आयुष्यात पाहिला नाही.

फिटर गेटवरच भेटला. "ताई, लई बरं झालं फोन केला. पट्टा वाढनार म्हनला, म्हनून म्हटलं ढिला पडनार. तानून घ्यावा म्हनून झाकन काढलं, तर सांधा निम्मा उसवलेला! गाळप जरा थांबवून बदलूनच टाकला. पर तुटनार हाय असं सरळ का न्हाई सांगितलं?"

"आमच्या ऑफिसात तसं बोलायला बंदी आहे."

"मग तुमी तिकडं करता तरी काय?"

साहेब जीपच्या बॉनेटवर हात टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसले.

हंगाम सरला तसा कारखान्याचा होकार आला. साहेबांनी आईसाहेबांपुढे पेढे ठेवले. त्यांनी एक तोंडात टाकला, हात वर केला आणि म्हणाल्या, "तुमची कंपनी वाढो!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच धीर केला. "आईसाहेब, कुठल्या अर्थानं?"

"तुझ्या नाही!"