डावीकडची वळ

पारनेर तालुक्यात आजवर जी माणसं पंगतीतून दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, त्यांतल्या निम्म्यांना त्या अवस्थेला पोचवण्याचं श्रेय माझ्या थोरल्या साडूंचं आहे. लग्न असो, बारसं असो, नाहीतर सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाची आमटी-भाकरी. डाव्या हातात बादली आणि उजव्या हातात वाढायचं वगराळं घेऊन साडू समोरासमोर बसलेल्या दोन वळींच्या मधून निघाले, की भलेभले जेवणारे कासावीस होत. ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. “नको म्हनतंय ते तोंड. पोटाला कुनी इचारलंय?” असं म्हणून ते पोटाच्या वतीने निकाल देत. एका नव्या जावयाला त्यांनी असं काही वाढलं, की तो मांडवातच आडवा झाला आणि वरातीचा घोडा त्याच्यासाठी ताटकळला.

साडूंचं सख्ख्या चुलतभावाशी, म्हणजे आण्णांशी, बांधावरून भांडण होतं. दोघे रस्त्यात भेटले तर दोन वेगवेगळ्या झाडांकडे बघत जात. पण पंगतीत आण्णा बसलेले असले, की साडू त्यांच्यापाशी थांबत, तर्रीसकट दोन वगराळी घालत आणि एक अक्षर न बोलता पुढे जात. आण्णाही न बोलता ओरपत. मी एकदा छेडलं, तर साडू म्हणाले, “भांडान बांधावर. पानावर न्हाई.” दोन्ही घरांत तेवढा एकच धागा शाबूत होता, आणि तो आमटीत भिजलेला होता.

गेल्या वर्षी एका सकाळी साडू अर्धी दाढी करून न्याहारीला बसले. उजवा गाल तुळतुळीत, डाव्यावर साबणाचा फेस. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, म्हणाली, “अहो, राहिलेली दाढी?” साडू म्हणाले, “कुठली राहिलेली?” मग तिचं लक्ष त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठाकडे गेलं, आणि जीप थेट नगरला.

डॉक्टर तरुण होते आणि सुदैवाने शेतकऱ्याच्या घरातले. ते म्हणाले, “मेंदूचा झटका दोन तऱ्हेचा. एक तर नळी तुंबते, नाहीतर फुटते. यांची तुंबली, तीही उजव्या बाजूची. म्हणून डावं अंग लुळं पडलं.” अक्का लगेच म्हणाली, “म्हंजी ठिबकची नळी चोंदली, की पुढची झाडं वाळत्यात तसं?” डॉक्टर म्हणाले, “अगदी तसं. पण इथं आणखी एक गंमत आहे. डोळे ठणठणीत आहेत, तरी डावीकडे काही आहे हेच मेंदूच्या ध्यानात येत नाही.”

गंमत! मी अशा गमतीचा जन्मजात भुकेला. मी खाटेच्या डाव्या बाजूला उभा राहून तोंडं वेंगाडली, साडूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. उजवीकडे गेलो, तर “या पाव्हणं, कवा आला?” ताटातली उजवीकडची भाजी संपवून ते “भात न्हाई व्हय?” म्हणून रुसत, अक्काने ताट फिरवलं, की “आला बघा भात!” असे खूश होत. भाकरी निम्मी मोडा म्हटलं, तर तळहाताएवढा तुकडा मोडून “बरोब्बर निम्मी” असं ठासून सांगत. आणि एकदा तर स्वतःचाच लुळा डावा हात पांघरुणावर दिसल्यावर दचकून विचारलं, “ह्यो कुनाचा हात?”

“तुमचाच,” मी म्हणालो.

“माझा कसा आसंल? ह्यो आण्णाचा. बांध कोरून कोरून बोटं वाकडी झाल्यात बघा. त्याला म्हनावं, घिऊन जा.”

मी पोट धरून हसलो. अक्का हसली नाही, म्हणून मीही थांबलो.

हळूहळू साडू पाय ओढत चालू लागले. अक्का ताटाच्या डाव्या कडेला ठेचा ठेवू लागली. ठेच्याच्या ओढीने त्यांची मान हळूहळू तिकडे वळायला शिकली, पण घरात, सावकाश, आठवण करून दिल्यावर. सप्ताह आला तसे ते ‘वाढायला मीच’ म्हणून हटून बसले. “मला काय झालंय? पायाला मुंग्या आल्यात, येवढंच.” शेवटी बादली मी धरायची, वगराळं त्यांनी, असं ठरलं.

दोन्ही बाजूंनी माणसं भाकरी कुस्करून, मधे आळं करून बसली होती. साडू निघाले. उजवीकडच्या प्रत्येक आळ्यात आमटी पडत गेली. डावीकडे एक थेंब नाही. बादलीच्या वजनाने मी वाकलेलो. लक्षात आलं तेव्हा आम्ही टोकाला पोचलो होतो आणि बादली रिकामी होती. डावीकडच्या वळीत आण्णा बसले होते. ते ताडकन उठले.

“मला टाळायचं म्हनून आख्खी वळ उपाशी ठेवली व्हय रे?”

साडूंनी आवाज ओळखला आणि उजवीकडच्या माणसांत त्यांना शोधू लागले. “आण्णा? कुठं हाय? मला तर दिसंना.”

आण्णांना ती थट्टा वाटली. ते कोरडं ताट तिथेच ठेवून निघून गेले. आमच्याकडे भरल्या पंगतीतून उपाशी उठलेला माणूस पुन्हा वाढणाऱ्याच्या घराची पायरी चढत नाही, मयतीलासुद्धा. हे साडूंना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी अन्नाला हात लावला नाही. “माझ्या हातनं मानूस उपाशी गेला,” एवढंच म्हणत होते.

मी आण्णांकडे गेलो. त्यांनी बस म्हटलं नाही, पण ऐकून घेतलं. अर्धी दाढी, भात, ठिबकची नळी, सगळं सांगितलं. हाताची गोष्टही सांगितली. आण्णांनी स्वतःची बोटं वरखाली करून पाहिली.

“म्हंजी डोळं हायेत, पन हिकडचं जगच न्हाई?”

“व्हय.”

“आन् तिकडनं माघारी फिरला तर?”

“तर डावीकडचं उजवीकडं येतं. मग दिसतं.”

महिन्याभराने आण्णांच्या नव्या घराची वास्तुशांती होती. ते स्वतः साडूंच्या दारात आले, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “आमटी तू वाढायचीस,” आणि वळून गेले.

त्या दिवशीही बादली माझ्याकडे, वगराळं साडूंकडे. उजवी वळ वाढून झाली. डावीकडची माणसं कुस्करलेली भाकरी पुढ्यात घेऊन चिडीचूप बसली होती. टोकाला आण्णांचा थोरला मुलगा उभा होता. त्याने साडूंना खांद्याला धरून अलगद माघारी फिरवलं.

“आरं तिच्या! ही वळ कवा बसली?”

“आत्ताच, आत्ताच!” पंचवीस-तीस माणसं एका सुरात खोटं बोलली.

साडू वाढत वाढत आले. आण्णा अगदी शेवटी बसले होते. दोन वगराळी पडली. साडूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वगराळं टेकून तिथेच खाली बसले. आमटी तोवर गार झालेली. आण्णा खाली मान घालून जेवत राहिले.

मी त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणालो, “आण्णा, उजवीकडं जागा हुती की. गरम मिळाली असती.”

त्यांनी घास गिळला. “समदेच तिकडं बसलो, तर हिकडं बी आपली मानसं हायेत, हे त्याला कळायचं कसं?”